मगाने वाचवलेले मासे

बाबा,

काल बोईसरहून ड्युटी करून आले, तर तुमचा हात माझ्या माशांच्या टाकीत कोपरापर्यंत बुडालेला. मी ओरडले. तुम्ही हातातला मग खाली ठेवलात, "बरं बाय" म्हणालात आणि न जेवताच झोपलात.

मागाहून शेजारच्या जमनाकाकूंनी सांगितलं, दुपारपासून लाइट नव्हती. हवेचा पंप बंद पडून मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, म्हणून तुम्ही चार तास मगाने पाणी उपसून परत टाकीतच ओतत बसला होतात. छातीचं ऑपरेशन झालेला माणूस! आणि तुम्हीच म्हणायचात, "समुद्र दारात हाय, मंग पेटीत कशाला?"

चुकले, बाबा. मासे आणि प्रवाळ ठणठणीत आहेत.

टाकीतलं खारं पाणी आटून कमी झालं तर फिल्टरचं गोडं पाणीच घाला, कारण मीठ उडून जात नाही. डब्यात वालाचं बिरडं आहे, ते खा.

दुपारी नामदेवकाका टाकीतलं पाणी बदलायला बोटीवरून खोल समुद्रातलं दोन कॅन पाणी आणतील. आपली बोट विकल्यापासून तुम्ही बंदरावर गेला नाहीत. आज जा. कॅन उचलू नका, फक्त पाणी बघून घ्या. पाण्याची पारख तुमच्याइतकी मला नाही.

तुमची पूर्वी