मीराबाईंची नवी चाकं

अहो,

मी अन् मीराबाई हेडमास्तरले भेटाले शाळेत चाललो. भात झाकून ठेवला हाये, वरण गरम करून घ्या.

तुमच्या बहिणीनं आज सायकलची दोन्ही चाकं बदलली! शाळेपुढं चाक वाकडं झालं अन् पोट्टे हसले, तवापासून त्या घराबाहेर पडत नव्हत्या. आज सकाळी स्वतःच म्हणाल्या, "कांता, चल नागभीडले." सायकल बसच्या टपावर टाकून नेली.

दुकानदारानं आधी चमचमत्या, हलक्या रिमा दाखवल्या. बाईनं दाबून पाह्यल्या अन् बाजूले ठेवल्या. मग त्यानं हळूच इचारलं, "बाई, वजन किती असन?" मले तर कुठी तोंड लपवू असं झालं. पण बाई साऱ्या दुकानाले ऐकू जाईल अशा बोलल्या, "नव्वद किलो! अन् मागं ही भावजय बसते, तिचंबी धरा." मग त्यानं धानाची पोती वाहणाऱ्या सायकलींच्या रिमा काढल्या, जाड तारांच्या. त्याच घेतल्या.

येताना रेल्वे फाटकावर त्यांनी सायकल हळूबी नाई केली. मी मागं किंचाळून राह्यली अन् त्या हासून राह्यल्या. चाक जरासंबी डुललं नाई!

उद्यापासून शाळेत शिकवाले येते, हे हेडमास्तरले सांगाले चालल्या हायेत. तुमी त्या दिवशी बाईले "तुले बसच बरी" म्हणाले होते, ते आता काढू नका. संध्याकाळी चौकात उभे राहा. बाई तुमाले मागं बसवून घरी आणणार हायेत. मी पायी येईन.

कांता