पाटी, टीव्ही आणि दादांची साक्ष

ज्या सकाळी मी माझ्या केस कापण्याच्या दुकानात 'येथे राजकारणावर बोलू नये' ही पाटी ठोकली, त्या सकाळी मी पूर्ण शुद्धीवर होतो आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नव्हते, असे मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. आज हे मृत्युपत्र लिहितानाही शुद्धीवर आहे, आणि आज दडपण खरोखरच नाही. वय एकोणपन्नास. उद्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

राहत्या दोन खोल्या व बँकेतील ठेव पत्नीस मिळावी. त्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये.

दुकान, खुर्च्या, आरसे व वस्तरे मुलीस. तिने दुकान चालवावे किंवा भाड्याने द्यावे, पाटी मात्र पुन्हा लावू नये. खुर्चीतल्या माणसाने वाटेल ते बोलावे, फक्त मान हलवू नये.

टीव्ही बिल्लेवाल्यांना परत करावा, रिमोटसह. छातीवर कायम पक्षाचा बिल्ला लावणाऱ्या या गृहस्थांनीच तो 'गिऱ्हाइकांचा वेळ जाईल' म्हणून बसवून दिला होता. तेव्हा जुना बाजार उठवून तिथे गाड्यांचा तळ करायचे घाटत होते. टीव्हीवर दोन्ही पक्ष घसा फाडून भांडत, पण भांडण एवढेच, की योजना मुळात कोणाची. बाजार उठवावा का, हे कोणी विचारत नसे.

ते विचारत माझे थोरले बंधू. बाजारात त्यांची कुलपे-किल्ल्यांची टपरी होती. रविवारी दाढीला आले की म्हणत, "मत मागायला दारात येतात ना? मग बाजाराचं विचारायला काय पाय दुखतात?" लोक दाढी झाल्यावरही ऐकत थांबू लागले. बिल्लेवाल्यांनी मला बाजूला घेतले. "दादांना जरा आवरा. दुकान चालवायचंय ना?"

पाटी ठोकली त्याच सकाळी दादा आले. अर्धी दाढी झाली होती, तेव्हा आरशातली उलटी अक्षरे त्यांनी लावली.

"हे माझ्यासाठी का रे?"

"सगळ्यांसाठी, दादा."

"मग त्या टीव्हीच्या डब्यालाही वाचून दाखव."

एका गालावर फेस तसाच घेऊन ते भर रस्त्याने घरी गेले. पुन्हा आले नाहीत. बाजार त्याच वर्षी उठला.

रोज दुकान उघडताना मी देवापुढे तेच ते गाऱ्हाणे मांडतो. देवाने कधी 'पुरे' म्हटले नाही. मी सख्ख्या भावाला म्हटले.

दादांना मी काहीही ठेवलेले नाही. वाटा घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला दादा साक्षीदार म्हणून हवे आहेत.

आज सकाळी पाटी उचकटली, काखेत मारली आणि दादांकडे गेलो. म्हटले, "दादा, चला. आता बोला."

"आता काय बोलू? सवय मोडली रे."

तरी चप्पल घालून आले. आत्ता खुर्चीत बसले आहेत. टीव्ही बंद आहे. साक्षीदाराच्या जागी ते जे लिहितील, त्यातले एक अक्षरही मी खोडणार नाही.

स्थळ: दुकान, दार उघडे ठेवून.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.

लिहून देणार: धाकटा भाऊ (सही)

साक्षीदार: शेजारचे शिंपी. सही माझ्यासमक्ष झाली. (सही)

साक्षीदार: थोरला भाऊ. धंदा: कुलपे-किल्ल्या. पत्ता: जुना बाजार, जो आम्हाला न विचारता उठवला. (सही)