मागे चालू असलेला प्रोग्रॅम

आण्णा, कर्वेनगरच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो कसा चालतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. क्लासची पायरी मी चढलो नाही. जुनी पुस्तकं आणि एक वही, एवढ्यावर शिकलो. पडद्यावर आपण एकच काम करत असलो तरी मागे पंचवीस-तीस प्रोग्रॅम गुपचूप चालू असतात; तीन बटणं एकदम दाबली की त्यांची यादी येते. एकेक नाव मी वहीत उतरवलं आणि पुढे त्याचं काम लिहिलं. हा छपाईचा, हा आवाजाचा. तुम्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन. वही चाळून म्हणालात, "आणि ज्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे ते?" मी म्हणालो, "ते फुकटे. मशीन अडवून बसलेत." "आमच्याकडे माहीत नसलेला स्विच कुणी बंद केला, तर त्याला आधी गेटबाहेर काढायचे, मग कारण विचारायचे." मी हसलो. "आण्णा, इथे स्फोट होत नाही."

तुम्ही रोज दुपारी तीनला खुर्चीत बसायचात, चष्मा पुसायचात आणि आजोबांनी दीक्षा घेतली ती हकीकत टाइप करायचात. नातवंडांना छापून द्यायची होती. दहा पानं झाली होती, अकरावं चालू होतं. घरात तेव्हा भीती एकच होती. थोरले काका स्वतःच्या घराचा रस्ता विसरू लागले होते आणि तुम्ही स्वतःवर पाळत ठेवून होता. गोळी घेतली का, हे दोनदा विचारायचात, आणि दोनदा विचारलं म्हणून गप्प व्हायचात.

त्या मंगळवारी मी प्रश्नचिन्हवाले चारही प्रोग्रॅम बंद केले. मशीन पुन्हा सुरू केलं तरी ते उठणार नाहीत, अशी व्यवस्थाही केली. मशीन खरोखरच हलकं झालं. तीन वाजता तुम्ही हाक मारलीत, तीही हळू. पडद्यावर 'आमचे वडील'च्या जागी रफार, अर्धा ष, स्वल्पविराम, पुन्हा रफार. "मी नेहमीचीच बटणं दाबतोय. तीच आहेत ना ही?" "तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं, हे नोंदवून ठेवतो. संध्याकाळी तुम्ही फिरायला गेल्यावर मी चारही प्रोग्रॅम एकेक करून चालू केले. तिसरा निघाला दाबलेल्या बटणाचं मराठी अक्षर करून देणारा. तो जागेवर बसवला, वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि पुढे त्याचं काम लिहिलं, पहिल्यापासून माहीत असल्यासारखं.

सकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण तुम्ही माझ्याआधी उठून बसला होता. एक ओळ टाइप केलीत, ती स्वच्छ उमटली. मला वाटलं, आता तुम्हाला हायसं वाटेल. तुम्ही पडद्याकडे बघतच राहिलात. "आज बरोबर येतंय. मशीन तर तेच आहे. म्हणजे काल मीच." ओट्याशी उभ्या आईनं गॅस बारीक केला. "थोरल्यांचंही असंच सुरू झालं होतं," तुम्ही तिला म्हणालात. "एक दिवस चुकायचं, दुसऱ्या दिवशी बरोबर." माझी दुरुस्तीच तुमच्याविरुद्ध साक्ष देत होती आणि ती खोटी ठरवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. फक्त त्या वाक्यात 'मला माहीत नव्हतं' हे शब्द आले असते.

डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानानं उत्तम आहे म्हणाले. येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "त्यांनी तो पडदा कुठे पाहिलाय." त्या खुर्चीत पुन्हा बसला नाहीत. दोन वर्षांनी हृदयविकारानं गेलात, बुद्धी शेवटपर्यंत लख्ख. पण त्या दोन वर्षांत विसरलेली प्रत्येक किल्ली तुम्ही पुरावा म्हणून धरलीत. अकरावं पान अजून अर्ध्या वाक्यावर थांबलेलं आहे. आज हिंजवडीत माझ्या हाताखाली तीनशे मशीनं आहेत. प्रत्येकावर मागे काय चालू असतं ते मी न बघता सांगू शकतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून अचूक लिहितो. 'काल मीच' म्हणून तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत, तेव्हा मी शब्दही काढला नाही. आणि शब्द काढला नाही म्हणजे खोटं बोललो नाही, हा बचाव मी इतकी वर्षं धरून आहे. पण मी मान हलवली होती, आण्णा. हो म्हणून.