वायरींवरची लेबलं

दादा,

टीव्ही, राउटर, दाराचा कॅमेरा, सगळं बाबांनीच पॅक केलंय. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस मला हात लावू देतोय होय! टीव्ही ब्लँकेटमध्ये गुंडाळून उभा ठेवलाय, टेम्पोत आडवा टाकू देऊ नकोस. वायरींच्या दोन्ही टोकांना त्यांनी नेहमीसारखी लेबलं लावलीत. हसू नकोस, सगळ्यांवर एकच लिहिलंय: ‘हिचा रेडिओ’.

आई गेली त्याच वर्षी आपण तो देऊन टाकला होता ना? 

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन चाललेय. कुठली वायर कुठे, त्याचे फोटो तुला पाठवलेत. लेबलं काढू नकोस. बाबांनी विचारलं तर रेडिओ पहिल्याच खोक्यात ठेवलाय म्हण. सकाळपासून मी तेच सांगतेय.

— छोटी