मागची भिंत

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी २००४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही ऐकत नाही, म्हणून लिहिते. माझा अकरा मजल्यांचा आराखडा मंजूर झाला. खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर घरं. आणि मधोमध जुनं दगडी बोर्डिंग जसंच्या तसं, मुलांच्या अभ्यासिकेसाठी. बिल्डर हंबीररावांना जागा मोकळीच हवी होती. तुम्ही बोर्डिंगच्या ट्रस्टच्या बैठकीत मागच्या भिंतीची हमी दिलीत, म्हणून ते गप्प बसले.

त्या भिंतीलगत वीस फूट खणायचंय. आधी चार भोकं पाडून ती आतून तपासावी म्हणते. होकार कळवा. आव्वाला सांगा, चटणी संपली, सोमेशदादा इकडे येईल तेव्हा पाठव.

तपासणीचं नाव काढलं म्हणून लोभ कमी करू नका.

शिवलीला

जयसिंगपूर, ८ फेब्रुवारी

चि. शिवलीलास अ. उ. आ.

कोयनेच्या भूकंपानंतर मी ती भिंत नव्यानं बांधली, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. आता बापाचं काम तपासणार होय? भोकांनी दगडाला तडे जातील. चटणी सोमेशबरोबर पाठवतो. हा विषय पुन्हा नको.

रुद्रय्या

कोल्हापूर, १७ फेब्रुवारी

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मोडला नाही. सोमवारी खोदाई सुरू. खड्ड्यात बावीस माणसं असतील आणि मीही. पण मला भीती वाटते. तुम्ही बांधलेल्या प्रत्येक भिंतीची गोष्ट तुम्ही दहादा सांगितलीत. या भिंतीची एकदाही नाही.

माझं चुकत असेल तर रागवा, पण लिहा.

शिवलीला

जयसिंगपूर, २० फेब्रुवारी

चि. शिवलीलास अ. उ. आ.

सोमेश हे पत्र हातात देईल. वाचल्याशिवाय खड्ड्यात उतरू नकोस.

दगडी भिंत म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंती. आरपार जाणारे लांब दगड त्यांना धरून ठेवतात. त्या साली मृग तोंडावर आला, बोर्डिंगची मुलं व्हरांड्यात झोपत होती आणि खाणीतून लांब दगड आलेच नाहीत. ज्ञानू गवंडी म्हणाला, की मालक, थांबूया की, हे बरं न्हाय. मी थांबलो नाही. मध्ये बारीक दगड आणि चुना भरला. बाहेरून कुणाला कळत नाही. पुढे मी त्या रस्त्यानं जाणंच टाळलं. बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा हमी तोंडातून निघून गेली.

खणू नकोस. हे पत्र ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

रुद्रय्या

कोल्हापूर, २६ फेब्रुवारी

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

खोदाई थांबवली. हंबीररावांना पत्र वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, मग सगळंच पाडूया की, ताई. मी सांगितलं, की मंजुरीच बोर्डिंग राखण्याच्या अटीवर आहे. नवी मिळवायला दोन वर्षं जातील. भिंत दगडांना नंबर घालून उतरवू आणि पुन्हा नीट बांधू. दोन दिवस ताणून ते कबूल झाले. दगडी काम बांधून घेणारं जुनं माणूस मात्र मीच आणायचं.

मला तुमचा फार राग आलाय. अजून गेलेला नाही. तरी या.

शिवलीला

जयसिंगपूर, १ मार्च

चि. शिवलीलास अ. उ. आ.

ज्ञानूला विचारलं. त्याला आता नीट दिसत नाही, पण दगड हातानं चाचपून सांगतो म्हणाला. आम्ही दोघं गुरुवारी येतो. राग धरून ठेवलास तरी चालेल, जेवायला मात्र वाढ.

त्या भिंतीत दाराशेजारी माझं नाव कोरलेला दगड आहे. भिंतीच्या जाडीइतका लांब भरेल. तो दर्शनी ठेवू नकोस. नाव आत जाईल असा आरपार घाल.

तुझा अप्पा