इनाससरांच्या सेटमधली रेघ

४ फेब्रु. १९८६
ॲनालायझर तपासायला काढला, वायरलेस सेटचा सिग्नल पडद्यावर दाखवणारं मशीन. शेठनी लिलावात घेतलेलं जुनं विलायती धूड, तापायलाच वेळ घेतं. सकाळी पडदा स्वच्छ. दुपारी बघतो तर सिग्नलच्या शेजारी एक बारीक रेघ. लगेच ओळखली. पूर्वी इथे असलेल्या इनाससरांच्या वायरलेस सेटमध्ये दिसायची तीच, त्याच जागी. पण आज लावलेला सेट बाहेरच्या कंपनीचा. सरांचा त्याला हातही लागलेला नाही.
केबल काढली. इनपुटला टर्मिनेटरची टोपी लावली, म्हणजे बाहेरून आत काही शिरायला नको. रेघ तशीच उभी.


५ फेब्रु.
पुन्हा करून पाहिलं. मशीन थंड, रेघ नाही. तापलं की हजर. म्हणजे मशीनच्याच पोटातली. सरांच्या सेटमध्ये दोष नव्हताच. कधीच नव्हता.
कळंबच्या बोटींसाठी केलेला सेट. रेघ दिसली म्हणून नापास झाला. विलायती मशीन खोटं दाखवेल हे कोणाच्या मनात आलं नाही, सरांच्याही नाही. ‘चूक माझीच’ म्हणून सरांनी इथली नोकरी सोडली. मग तो अर्धांगाचा झटका. मला सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवलं ते याच माणसाने.
शेठना सांगितलं. म्हणाले, “जाऊ दे रे. ते काम आपण कधीच बंद केलं. तू मशीन नीट कर म्हणजे झालं.”

६ फेब्रु.
आतल्या ऑसिलेटरच्या डबीचं झाकण तापल्यावर सैल पडत होतं, त्याचाच सिग्नल गळून पडद्यावर रेघ उमटायची. स्क्रू बदलून आवळलं. संध्याकाळपर्यंत चालू ठेवलं. रेघ गेली.
एवढंसं झाकण.

९ फेब्रु., रवि.
चर्चमधली सकाळची मिसा आटपली असेल अशा बेताने माणिकपूरला गेलो. सर ओट्यावर, समोर तोच नापास सेट उघडा. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्याने सोल्डरिंग चाललेलं. दोन वर्षं हेच. आधी मागे विहिरीपाशी सेसिलबायना गाठलं, सरांच्या बायकोला. सगळं सांगितलं. त्या काठावर बसूनच राहिल्या.
“त्यांना नको सांगू रे बाबा. ती रेघ शोधायची म्हणून सकाळी उठतात. नायतर खाट सोडली नसती.”
“पण बाय, दोष त्यांचा नव्हता, हे त्यांना कधीच कळू द्यायचं नाही?”
“मला नको इचारू.”
तेवढ्यात ओट्यावरून हाक. गेलो. सरांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा खुललेला. “सा... सापडला,” म्हणाले. कॉइल सरकवली होती, भोवती पत्र्याची भिंत घातली होती. वेडंवाकडं सोल्डर. “घेऊन जा. मशीनवर... लाव.”
सेट पिशवीत घालून सायकलला लावला.

१० फेब्रु.
लावला. दुपारपर्यंत मशीन तापू दिलं. पडदा स्वच्छ. तो स्वच्छच असणार होता. त्यांनी कॉइलला हात लावला नसता तरी.
सेट मात्र अजून चालतो. छान चालतो.

११ फेब्रु.
कारखान्यातून थेट तिकडे. मी सायकल लावतोय तोवर सर ओट्याच्या खांबाला धरून उभे.
“गेली?”
“गेली, सर.”
खाली बसले आणि रडायला लागले. डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलेलं. सेसिलबाय दारात, माझ्याकडेच बघत. खोटं काहीच बोललो नव्हतो, तरी त्यांच्याकडे बघवेना.
चहा झाला.  मग सर एकेक शब्द जुळवत म्हणाले, “कशाने... गेली असेल? तुला... काय वाटतं?”
कॉइल, असं म्हणून मोकळा झालो असतो. “उद्या सांगतो, सर,” म्हणालो.
उद्या राखेचा बुधवार, उपासाच्या दिवसांचा पहिला. देवळातून आलो की वाट बघतो, म्हणाले.
जाणार आहे. पण गेल्यावर कॉइल म्हणू की झाकण, ते अजून ठरत नाही.