शेवटची वीत

१२ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही मजेत. लेकीकडे तुझं बस्तान नीट बसलं असेल आणि गुडघाही फार कुरकुरत नसेल, अशी आशा.

आधी कामाची खबर. क्रोशाची लेस उशीच्या चारही बाजूंनी फिरून आली. एका कोपऱ्यात जरा गोळा झालीय, तोच कोपरा मी मुद्दाम वर ठेवलाय. लोकर आता बऱ्यापैकी एकसारखी कातता येते. सुरुवातीला कुठे दोरखंड, कुठे केस! हे म्हणतात, "तुझी टकळी थांबते तेव्हाच ती टकळी फिरते. चालू दे, घरात शांतता आहे."

आणि मागावरचं तुझं पांघरूण. आई गेल्यावर तू घर आमच्या ताब्यात दिलंस, तेव्हा ते अर्धंच होतं. "कापून काढ आणि माग शेजारच्या विणकर काकूंना देऊन टाक," म्हणालीस. कात्री घेतली, पण कापवेना. मग सुताचा धोटाच हातात घेतला आणि पुढे विणायला लागले. शिकवलं काकूंनीच, माग त्यांना हवा असूनही.

तुझे काठ सुरुवातीला पट्टीने आखल्यासारखे आहेत. पुढे मात्र दोन्हीकडून आत ओढले गेलेत, पांघरुणाला कंबर आल्यासारखे. मला वाटलं, सूतच वाईट. मग आमची धाकटी तापाने पडली, त्या आठवड्यात माझेही काठ तसेच आत गेले. काकू म्हणाल्या, "अगं, मन आवळलं की हात धागा ओढतो. कापड बघून आम्हाला घरातलं कळतं."

तो भाग आईच्या आजारपणातला. मी परगावी, आणि फोनवर तू रोज म्हणायचीस, "सगळं ठीक आहे गं." सुतावरून स्वर्ग गाठतेय म्हणशील. पण मागापाशी बसवत नाही म्हणालीस, ते मी आजवर गुडघ्याचं समजत होते.

उसवून सरळ करावं, असं एकदा मनात आलं. पण तो माझा अधिकार नाही, राहू दिलं. पुढे माझी वीण सैल, त्यामुळे पांघरूण पुन्हा रुंदावलंय. दिसतं वेडंवाकडं. हात फिरवला की ऊब मात्र सगळीकडे सारखीच लागते.

आता जे पानभर टाळलं ते. काल काकूंनी विचारलं, "मग, नेऊ का माग?" तुला न विचारता मी म्हणून बसले, "नाही द्यायचा." काकू हसल्या. "ताईसाठीच ना? मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? बोलव की तिला!"

म्हणून बोलावतेय. ताण्याच्या उभ्या धाग्यांची शेवटची वीत मी विणलेली नाही, ती तुझी. लेसची उशी स्टुलावर घातलीय, गुडघ्याला उंची जुळावी म्हणून. येऊनही माग नकोसाच वाटला, तर कात्री तूच चालव. माग न्यायला काकूंना मी सांगेन. रुसणार नाही. बरं, थोडीशी रुसेन.

काठ कसेही येऊ देत, तू ये.

धोट्यात सूत भरून बसलेली,
तुझी चिमणी